चित्राला काही झालेलं नाही

नेदो मासिएरीला कशाची किळस येत नाही ते आधी सांगितलेलं बरं, कारण ती यादी छोटी आहे. सशाच्या कातड्याचा सरस शिजताना जो वास सुटतो, ज्याच्यापायी गल्लीतले नवे भाडेकरू नगरपालिकेत तक्रारी करतात, त्या वासात तो खुशाल पायरीवर बसून लाम्प्रेदोत्तोचा, म्हणजे गाईच्या उकडलेल्या जठराचा, पाव खातो. बाकी जवळपास सगळ्याची त्याला शिसारी आहे. डबीत मिळणाऱ्या सोनेरी रंगाची आहे. यंत्रावर कोरलेल्या चौकटींची आहे, त्या विकणाऱ्या शेजारच्या दुकानदाराची आहे, आणि त्या विकत घेऊन 'किती जुनी वाटते नाही' म्हणणाऱ्यांची तर सगळ्यात जास्त. अडुसष्टीला टेकलेला माणूस, पाठीला पोक, नखांच्या कडेला लाल माती कायमची बसलेली. शहराच्या सान फ्रेदियानो भागातल्या त्या गल्लीत चौकटींना सोन्याचा वर्ख चढवणारे एके काळी अकरा जण होते, आता तो एकटा आहे.

लोक चित्र बघतात, चौकट बघत नाहीत, हे त्याचं जन्माचं दुखणं. लाकडावर सरस, सरसावर खडूचे आठ हात, त्यावर लाल मातीचा हात, मातीवर पाण्याचा नुसता ओलावा आणि त्या ओलाव्यावर श्वास रोखून सोडलेला वर्ख. मग अकीकाचा दगड घेऊन घोट घोट घोटायचं, तेव्हा कुठे लाकूड धातूसारखं बोलायला लागतं. हे सगळं कुणी करायचं, तर मासिएरीनं. आणि बघायचं कुणी, तर कुणीच नाही. लग्न त्यानं केलं नाही. बायकोनं चौकटीकडे बघितलं नसतं तर घरात रोज भांडण झालं असतं, असं तो सांगायचा.

त्याच्या देव्हाऱ्यात एकच देव होता, त्याचा बाप. सरसाच्या शेगडीवर भिंतीला सेत्तिमो मासिएरीचा वर्तमानपत्रातला फोटो टांगलेला असे. सहासष्ट सालच्या नोव्हेंबरात आर्नो नदी शहरात शिरली, तळघरातलं घरं तापवायचं काळं तेल पाण्यात मिसळलं, आणि अर्ध्या शहरावर तेलकट चिखलाचा लेप बसला. बाल्दूच्ची संग्रहालयातलं 'अंजीरवाली माता' हे जुनं चित्र रखवालदारांनी वेळेवर वरच्या मजल्यावर नेलं होतं. चौकट खालीच राहिली, कारण चौकट नेहमी खालीच राहते. तिसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलातून ती चौकट पाठीवर घेऊन येणारा सेत्तिमो कुणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडला. मासिएरीनं शब्द दिला की ईस्टरला देतो, आणि ईस्टरला दिली. सत्तावन्न वर्षांनंतरही त्या भागातली म्हातारी माणसं हे सांगताना आवाज खाली आणतात. त्या दिवशी माता पुन्हा आपल्या सोन्यात बसली आणि लोक रस्त्यावर उभे राहून रडले, असं ते सांगतात.

त्या चौकटीची खालची पट्टी तेवढी तेलात बुडाली होती, ती सेत्तिमोनं नव्यानं वर्खली होती. मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं, वर्ख चढवणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याची पेन्सिलीतली सही होती: सेत्तिमो मासिएरी, ईस्टर १९६७. नेदोनं ती सही आयुष्यात पन्नास वेळा बघितली असेल. दर खेपेला तो चौकट साफ करायला जाई आणि उलटी केल्यावर आधी तिकडे बघून घेई, देवळात शिरताना माणूस घंटेला हात लावतो तसा.

मार्चमधल्या एका बुधवारी दोन पोरं त्या चित्रासमोर उभी राहिली, पिशवीतून डबा काढला आणि पातळ चिखल चित्रावर फेकला. मग दोघांनी तळहाताला गोंद लावून हात काचेला चिकटवले आणि पृथ्वी बुडते आहे, असं भाषण सुरू केलं. भाषण करणाऱ्या मुलीचं नाव कोस्तान्झा नूती, वय तेवीस, राहणार काम्पी बिसेन्झिओ. संध्याकाळी बारमध्ये कॉफी पिताना नेदोनं ते टीव्हीवर बघितलं. मुलगी काचेला चिकटलेली, मातेच्या गालावरून तपकिरी ओघळ उतरलेले, आणि भोवती पन्नास माणसं हातात फोन धरून उभी. एकानंही फोन खिशात टाकून रुमाल काढला नव्हता. नेदोला त्या मुलीपेक्षा त्या पन्नास जणांची शिसारी जास्त आली.

मग टीव्हीवर संग्रहालयाच्या संचालकबाई विवियानी दिसल्या. गळ्यात रेशमी रुमाल, चेहरा घरचं कुणी गेल्यासारखा. म्हणाल्या, नागरिकांनी निश्चिंत राहावं, चित्रावर काच होती, चित्राला काही झालेलं नाही. बातमी देणारा म्हणाला, चित्राला काही झालेलं नाही. बारवाल्यानंही कप विसळता विसळता तेच म्हटलं. नेदो म्हणाला, "आणि चौकटीला?" बारवाल्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू कुणी अपघातातून वाचलं असं सांगावं आणि यानं त्याच्या टोपीची चौकशी करावी. नेदोनं कॉफी अर्धी टाकली आणि बाहेर येऊन गटारात थुंकला.

गुरुवारभर संग्रहालयाचा फोन आला नाही. शुक्रवारी सकाळी आला, तोही चौकटीच्या काळजीनं नव्हे. सरकारी वकिलांना लेखी अहवाल हवा होता. कायद्यानं या गुन्ह्याचे दोन खण पाडले आहेत: वस्तू नुसती बरबटवली तर दंडावर भागतं, वस्तूचं नुकसान केलं तर तुरुंग, आणि तोही वर्षांच्या हिशेबात. चित्राला काही झालेलं नाही म्हणून सांगून बसल्यावर आता तुरुंगासाठी नुकसान शोधायची वेळ आली होती. तेव्हा कुठे सगळ्यांना चौकट आठवली.

संग्रहालयाच्या तळघरात चौकट टेबलावर आडवी ठेवली होती. नेदोनं आधी खालची पट्टी बघितली. हातभर लांबीचं सोनं गेलं होतं, आणि सोनंच नव्हे, खालचा खडूही पापुद्रे धरून सुटला होता. उघडं लाकूड दिसत होतं. डाव्या कोपऱ्यात अंजिराच्या पानावर कोरलेली गोगलगाय तेवढी आपल्या सोन्यासकट शाबूत होती. त्यानं त्या पोरीला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, ज्या तो एरवी डबीतल्या सोनेरी रंगासाठी राखून ठेवत असे.

"पडलेले तुकडे कुठे आहेत?" त्यानं विचारलं. विवियानीबाईंना तुकडे म्हणजे काय तेच कळलं नाही. कळलं ते लोरियानाला. लोरियाना बुच्ची त्या दालनाची रखवालदार, सत्तावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली, आणि मातेच्या दालनात कुणी जोरात हसलं तर त्याला बाहेर काढणारी बाई. ती कोपऱ्यात उभी होती. तिनं कोटाच्या आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. पोलीस त्या पोरांचे हात काचेवरून सोडवत होते तेव्हा ही गुडघ्यांवर बसून फरशीवरचे पापुद्रे एकेक करून वेचत होती.

"सगळे आहेत. दोन त्या पोलिसाच्या बुटाखाली गेले, बाकी सगळे आहेत. बाई म्हणाल्या केर काढून घे. मी म्हटलं, हो काढते," लोरियाना म्हणाली.

नेदोला त्या दिवशी पहिल्यांदा कुणाची तरी किळस आली नाही.

विवियानीबाईंनी काय हवं ते नीट सांगितलं. एक पान पुरे. चिखलातल्या पाण्यानं खडू सुटला, वर्ख गेला, नुकसान झालं, खाली सही. सोमवारपर्यंत द्या, मेस्त्री, आणि चौकटीचं कामही अर्थात तुमच्याकडेच येईल. नेदोनं मान डोलावली. एका पानाचंही काय काम, त्याला एक ओळ पुरली असती.

चौकट आणि डबा दुकानात आले. दुपारच्या उजेडात त्यानं कोरड्या ब्रशनं वरच्या नक्षीतला वाळलेला चिखल उडवायला सुरुवात केली. चिखल सोललेल्या सालासारखा निघाला आणि खालचं सोनं जसंच्या तसं. वरच्या पट्टीवर तसंच. बाजूच्या पट्ट्यांवर तसंच. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या अनाम माणसाचं काम, चिखल बसला आणि उडाला, त्याला ओरखडाही नाही. सुटलं होतं ते फक्त खालच्या पट्टीवरचं, म्हणजे बापाचं.

त्यानं ब्रश खाली ठेवला. मग डब्यातला एक पापुद्रा उचलून त्यानं उलटा केला. पुढून सोनं, त्याखाली लाल माती, त्याखाली खडूचे आठ हात, मोजून आठ. आणि मागून, जी बाजू लाकडाला चिकटलेली असायला हवी तिथं, काळं. दुसरा उलटा केला, काळं. डब्यातले सगळे उलटे केले. मग त्यानं उघड्या लाकडावर सुरीचं टोक फिरवलं आणि नाक खाली नेलं. सत्तावन्न वर्षांनंतर लाकडाला तळघरातल्या तेलाचा वास येत होता.

तेल पिऊन बसलेल्या लाकडाला सरस धरत नाही. हे शिकायला शाळा लागत नाही, वर्ख चढवणाऱ्याच्या घरातलं मांजरसुद्धा ते जाणतं. आधी लाकूड खरवडायचं, तेल ओढून घ्यायचं, मग सुकवायचं. जाडीच्या दर बोटाला एक वर्ष. हा नियम नेदोला कुणी शिकवला होता? सेत्तिमोनं. शेगडीपाशी बसून, बोट वर करून, शंभर वेळा. खालची पट्टी चार बोटं जाड होती. पूर आला नोव्हेंबरच्या चार तारखेला आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं ईस्टर. पाच महिनेसुद्धा नाहीत. तारीख पन्नास वेळा वाचूनही नेदोनं कधी महिने मोजले नव्हते. बापाच्या सहीपुढे कोण बोटं मोजत बसतं?

म्हणजे पाठीवरून चौकट आणणाऱ्या त्या माणसानं पुराचा चिखल वरवर पुसला होता, ओल्या, तेलकट लाकडावर खडू ओतला होता, आणि वर असं सोनं घोटलं होतं की अख्खं शहर रडलं. लाकडाला न चिकटलेला तो खडू नुसता आपल्याच थरांच्या आधारानं उभा होता. आज ना उद्या कुणाची बादली सांडली असती, छप्पर गळलं असतं, तरी तो आलाच असता खाली. नेदोनं पापुद्रे डब्यात परत ठेवले. त्यानं मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि फोटोकडे न बघता दुकान बंद केलं.

शनिवारी लोरियाना डबा न्यायला आली. नेदोनं पापुद्रा उलटा करून तिच्यापुढे धरला. तिला त्या कामातलं फारसं कळत नव्हतं, पण त्या रंगाचा अर्थ त्या शहरात तिच्या वयाच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तिच्या आईच्या घरात छातीएवढ्या उंचीवर तीच काळी रेघ वीस वर्षं होती.

"त्या ईस्टरला आईनं मला खांद्यावर घेऊन ही चौकट दाखवली होती," ती म्हणाली. "म्हणाली, बघ, नदी हरली." मग खुर्ची ओढून बसली. "हे बघ नेदो, हे तुला माहीत आणि मला माहीत. हा डबा मी आज जाता जाता पुलावरून सोडून देते. त्या चिखलवालीसाठी तू बापाच्या तोंडाला काळं फासणार?"

तो म्हणाला, विचार करतो. ती म्हणाली, यात विचार करण्यासारखं काय आहे, त्या कार्टीनं मातेच्या तोंडावर घाण फेकली, बसू दे आत. तिचं काही चुकत नव्हतं, आणि ती पोरगी आत बसायला नेदोलाही हवीच होती. पण डबा मात्र त्यानं दिला नाही.

रविवारी दुपारी कोस्तान्झा स्वतःच दारात उभी राहिली. हाताला पट्टी, केस कापलेले, शाळकरी पोरासारखी बारीक. वकिलानं पाठवलं नव्हतं, चौकटीबद्दल कळलं म्हणून आपणहून आले, असं म्हणाली. नेदोनं तिला आत घेतलं ते एकाच आशेनं. ती जितकी वाईट निघेल तितकं त्याचं काम सोपं होणार होतं.

सुरुवात तिनं छान केली. तापमान, अंश, सरकारं, तेलकंपन्या, सगळं पाठ. असं बोलायला लागली की तिच्या तोंडून पत्रक बोलतं आहे असं वाटे. नेदो खूश होऊन ऐकत होता. मग त्यानं तिला थांबवलं.

"ते चित्र फोडायचं की बरबटवायचं हे ठरवायला किती वेळा गेली होतीस तिथं?"

"फोडायचं नव्हतंच. काच आहे की नाही ते आम्ही तीनदा जाऊन बघितलं होतं."

"तीनदा. मग सांग, चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काय कोरलंय?"

तिनं आठवून बघितलं. पानं असतील, म्हणाली. नेदो हसला, आणि हसताना त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. पृथ्वी वाचवायला निघालीस आणि वीतभर लाकूड दिसलं नाही तुला, तो म्हणाला. तिनं मान खाली घातली नाही, हे त्याला आवडलं नाही.

"चिखल कुठला होता?" त्यानं विचारलं.

"आजीच्या तळघरातला," ती म्हणाली, आणि आता पत्रक बोलत नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात काम्पीला पाणी शिरलं तेव्हा आजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा तास उभी होती. पाण्यानं मेली नाही. त्या ओल्या घरात राहून छाती भरली आणि जानेवारीत गेली. तळघरातला चिखल कोणी उपसायला आलं नाही, म्हणून अजून तिथंच होता.

"मग ज्यांच्यामुळे आला त्यांच्या दारात टाकायचा होतास."

"टाकला होता. मंत्रालयाच्या दारात, तेलकंपनीच्या दारात. दोन्ही ठिकाणी माणूस पाइप घेऊन आला आणि धुऊन गेला. एका ओळीची बातमीसुद्धा नाही. मातेवर टाकला तेव्हा तुम्ही बघितलंत."

नेदोला तिचा आणखी तिटकारा आला. तो उठला, दार उघडलं आणि तिला जायला सांगितलं. जाताना तिनं वळून विचारलं, दुरुस्त होईल ना? तो म्हणाला, तुझ्या तोंडून चौकटीची चौकशी ऐकायची माझी इच्छा नाही. दार लावून घेतल्यावरही त्याला तिच्या केसांना येणारा ओल्या भिंतीचा वास दुकानात येत होता. तो वास त्याच्या ओळखीचा होता. पुरानंतर, दहा वर्षांचा असताना, वर्षभर तो त्याच वासात झोपला होता.

संध्याकाळी त्यानं कागद घेतला. चिखलातल्या पाण्यानं खडू सुटला, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला ते बघवेना. खोट्याचीसुद्धा एक जात असते. हे म्हणजे लाकडावर डबीतला सोनेरी रंग लावून वर जुन्यासारखी धूळ चोळायची, शेजारच्या दुकानदारासारखं. आयुष्यभर ज्या कामाला तो थुंकत आला, तेच काम त्याच्या सहीची वाट बघत टेबलावर पडलं होतं. त्यानं फोटोकडे बघितलं. गुडघाभर चिखल, पाठीवर चौकट, आणि चेहऱ्यावर, हे त्यानं आज पहिल्यांदाच पाहिलं, कसला अभिमान नव्हता. नुसती घाई होती.

त्यानं कागद फाडला आणि दुसरा घेतला. अहवाल पाच पानांचा झाला.

विवियानीबाईंनी ती वाचली आणि स्वतः दुकानात आल्या, जे तीस वर्षांत घडलं नव्हतं. वडिलांच्या स्मृतीचा तरी विचार करा म्हणाल्या. वडिलांची स्मृती त्यांच्या तोंडून ऐकताना नेदोला वाटलं, कुणी आपल्या ताटातलं उष्टं खातं आहे. तो म्हणाला, बाई, मी लिहिलंय ते लिहिलंय.

मे महिन्यात न्यायालयात त्याला उभं केलं. पट्टी टेबलावर, शेजारी बिस्किटांचा डबा. मागच्या बाकांवर एकीकडे त्या पोरीची मित्रमंडळी, दुसरीकडे सान फ्रेदियानोतली म्हातारी माणसं, जी सेत्तिमो मासिएरीचं नाव निघणार म्हणून चांगले कोट घालून आली होती. नेदोनं पापुद्रा उलटा करून न्यायाधीशबाईंना दाखवला आणि सांगायचं ते सांगितलं. वरचं सोनं तीनशे वर्षांचं, त्यावरही तोच चिखल पडला आणि कोरड्या ब्रशनं गेला. खालचं गेलं कारण ते लाकडाला कधी चिकटलंच नव्हतं.

सरकारी वकील म्हणाला, पण चिखल पडला नसता तर ते आजही जागेवर असतं. नेदो म्हणाला, असतं, दाराला टेकवून ठेवलेला माणूस दार उघडेपर्यंत उभा असतो तसं. बाकांवर कुणी तरी हसलं. वकील हसला नाही.

"म्हणजे तुमच्या वडिलांनी काम खराब केलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"घाईत केलं."

"माझा प्रश्न सरळ आहे, मेस्त्री. खराब केलं का?"

नेदोनं मागं बघितलं नाही. चांगल्या कोटांतली ती माणसं श्वास धरून आहेत, हे त्याला पाठीला जाणवत होतं. "हो," तो म्हणाला. "मासिएरीनं खराब केलं. चिखलावर सोनं लावलं. तिनं नुसतं बरबटवलं."

मुलीचा आणि तिच्या साथीदाराचा तुरुंग टळला. दंड झाला, आणि काही महिने नगरपालिकेच्या बागेत काम. बाहेर पायऱ्यांवर तिच्या मित्रमंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि एकानं नेदोच्या खांद्यावर हात टाकून फोन उंच धरला. नेदोनं तो हात असा झटकला की फोन पायऱ्यांवरून खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलंच, की या शहराच्या सोन्याखाली कसा चिखल आहे ते खुद्द म्हाताऱ्या कारागिरानं कबूल केलं. वर्तमानपत्रात सेत्तिमोचा तोच जुना फोटो छापून आला, खाली प्रश्नचिन्ह. सान फ्रेदियानोतली माणसं बारमध्ये नेदो आला की कपात बघू लागली. एकानं तर विचारलं, मेस्त्री, तुम्ही स्वतः लावलेलं तरी टिकणार ना? सगळ्यांचीच शिसारी यावी असे ते दिवस होते, आणि त्यात पहिला नंबर त्याचा स्वतःचा होता.

कोस्तान्झा त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हती. ती पायऱ्यांच्या टोकाला थांबली होती. आभार मानले नाहीत. "गोगलगाय आहे," ती म्हणाली. "डाव्या कोपऱ्यात. मी जुना फोटो शोधून बघितला."

"शिंगं किती तिची?"

"चार."

"तीन. एक पुरात गेलं." तो पुढे चालायला लागला. "गोगलगायीला चार असतात ते तुला शाळेत शिकवलंय. तू अजून बघितलं नाहीस."

ती मागं आली नाही. पण पुढच्या आठवड्यात लोरियानानं दुकानात येऊन कुरकुरत सांगितलं, की ती कार्टी संग्रहालयाच्या दारात आली होती, तिला आत यायची बंदी आहे, तर मलाच विचारत होती चौकट परत कधी लागणार. निर्लज्ज, लोरियाना म्हणाली. मग थांबून म्हणाली, तिला सांगितलं मी, तीनच आहेत म्हणून.

नेदोनं उरलेला खडू उतरवला आणि पट्टी खरवडायला घेतली. सत्तावन्न वर्षांपूर्वीचा चिखल सुरीखाली काळ्या मेणासारखा येत होता, आणि तो पुसून पुसून चिंध्यांचा ढीग झाला. बापावरचा राग प्रत्येक चिंधीबरोबर थोडा कमी व्हावा असं त्याला वाटत होतं. तो होत नव्हता. फोटो त्यानं भिंतीवरून काढला नाही, पण शेगडीवरून हलवून दाराशी लावला, जिथं त्याच्याखाली उभं राहून काम करावं लागत नाही. मागच्या बाजूची पेन्सिलीतली सही मात्र त्यानं खरवडली नाही.

जूनच्या शेवटी विवियानीबाई आल्या, बरोबर दोन मदतनीस आणि एक छायाचित्रकार. झालं गेलं विसरून जाऊ या, म्हणाल्या. चार नोव्हेंबरला पुराच्या आठवणीचा दिवस. त्या दिवशी माता पुन्हा आपल्या चौकटीत बसवायची, महापौर येणार, पत्रिका छापायला टाकल्या आहेत. तीस वर्षांत मासिएरीनं या संग्रहालयाची एकही तारीख चुकवलेली नव्हती, हे त्यांनी त्या मदतनिसांना कौतुकानं सांगितलं. मग नेदोकडे वळल्या. "नोव्हेंबरपर्यंत होईल ना, मेस्त्री?"

नेदोनं पट्टीवर चार बोटं आडवी ठेवून त्यांना जाडी दाखवली. "चार वर्षं," तो म्हणाला.

बाई हसल्या, मग तो थट्टा करत नाही हे कळल्यावर हसायच्या थांबल्या. महापौरांना काय सांगू, पत्रिकांचं काय करू, भिंतीवर लोक काय बघणार? नेदोनं सुरी पुन्हा हातात घेतली.

"माता लावा तशीच, उघडी," तो म्हणाला. "चित्राला काही झालेलं नाही."